मोहरीएवढा हिरवा दिवा

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. इतर वस्तू 'जुना' हा शब्द मोठ्या ऐटीत उच्चारतात. माझ्या तोंडी तो गुन्हेगाराने आपलं वय सांगावं तसा येतो. माझी हकीकत ऐकून तुम्ही हळहळावं अशी माझी अपेक्षा नाही. हसलात तरी चालेल. फक्त शेवटपर्यंत ऐका, कारण माझं काम वीस वर्षं चोख होतं आणि नेमकं तेच माझ्या शरमेचं कारण आहे.

आधी माझं रूप सांगतो. वाटीच्या तोंडाएवढी गोल तबकडी, तिच्या कडेने शहाण्णव दाते. एक दाता म्हणजे पाव तास. दाता दाबला की त्या पाव तासात वीज पुढे जाऊ द्यायची, वर राहिला की अडवायची. पोटात लहानशी मोटर, पाठीला भिंतीत खोचायच्या पिना आणि छातीवर मोहरीएवढा दिवा. वीज पुढे जात असली की तो लागायचा. हा दिवा लक्षात ठेवा. मी विसरायचा प्रयत्न करतो, मला जमत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्यासारखे चाळीस टायमर एका फळीवर रांगेने लावले आणि दिवसभर आमच्याकडे संशयाने पाहिलं. तिघे मागे पडले, एक पुढे धावला. त्या चौघांना पेटीत टाकलं. माझ्यापाशी येऊन बाई म्हणाल्या, "हा गुणाचा आहे." बस्स, त्या क्षणी माझ्या डोक्यात हवा गेली आणि ती पुढची वीस वर्षं बाहेर आली नाही.

एक व्यंग मात्र माझ्यात जन्मजात होतं. वीज गेली की मी जागच्या जागी थांबायचो आणि परत आली की तिथूनच पुढे चालू लागायचो, जणू मधे काही घडलंच नाही. या स्वभावाची माणसंही असतात आणि त्यांना बढत्या मिळतात, असं मी पुढे ऐकलं.

मला नोकरी लागली ती एका संशोधन संस्थेच्या तळघरात, उंदरांच्या खोलीत. काम सोपं होतं. सकाळी सातला ट्यूबलाइट लावायची, संध्याकाळी सातला विझवायची. उंदीर रात्री जागणारे, त्यामुळे उजेड झाला की ते भुशात तोंड खुपसून झोपायचे आणि अंधार झाला की पिंजऱ्यातल्या चाकावर चढून पळत सुटायचे. किती वाजता किती फेरे झाले हे चाकाला जोडलेलं यंत्र टिपून ठेवायचं.

तिथले मोठे सर तेव्हा तरुण होते. एकदा सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले होते, "या इमारतीत वेळेवर कामावर येणारा हा एकटाच." सगळे हसले. मी हसलो नाही. मला ते खरं वाटलं.

अशी चौदा वर्षं गेली. मग संस्थेत संगणकावर चालणारे दिवे आले. माझ्या खोलीला नव्या दिव्यांची गरजच नव्हती, कारण ती आता 'अंधारी खोली' ठरली. फटी काळ्या पट्ट्यांनी बुजवल्या. एकामागे एक अशी दोन दारं बसवली, मधे लहानशी खोली ठेवली. ट्यूबलाइट काढून नेली. मला काढायचं राहिलं. मी खाली होतो, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पिंजऱ्यांच्या मांडणीमागच्या पांढऱ्या भिंतीत. मला उपटायचं तर कोणीतरी वाकायला हवं होतं.

त्यामुळे मी भिंतीतच राहिलो. पुढे काहीच जोडलेलं नाही, पण सातला चालू, सातला बंद. काम गेलं तरी हजेरी चुकवली नाही. त्या काळात मला याचा केवढा अभिमान होता म्हणून सांगू!

पुढे वर्षाच्या तपासणीला वायरमन आला. त्याच्या यादीत लिहिलं होतं, 'टायमर, दर्शक दिवा बंद'. माझा मूळचा लाल दिवा जळला होता. टायमर कशाला हवा आहे, हे यादीत विचारलेलं नव्हतं. वायरमनने जुना दिवा काढून दुसरा बसवला आणि माझी तबकडी आपल्या घड्याळाशी जुळवली. त्याला बॅटरी धरून दाखवत होत्या मावशी. मावशी म्हणजे पिंजरे साफ करणाऱ्या बाई, आमच्या तळघरात माझ्याइतक्याच जुन्या.

"अहो, आधी लाल होता ना?" मावशी म्हणाल्या.

"लाल संपलेत. दिव्याला काय, तो लागला म्हणजे झालं. आणि हिरवा चांगला. सिग्नल बघा, हिरवा म्हणजे जा."

मावशींनी मान डोलावली आणि त्या गेल्या. उंदराला लाल उजेड जवळजवळ दिसत नाही, हिरवा मात्र स्वच्छ दिसतो, हे दोघांनाही कोणी सांगितलेलं नव्हतं. मलाही नव्हतं. मी आपला नव्या दिव्यावर खूश होतो. म्हातारपणी नवा सदरा मिळाल्यासारखं वाटलं.

पुढच्याच महिन्यात ताईचे उंदीर खोलीत आले, अर्धे साधे, अर्धे जन्मापासून काहीतरी वेगळे.

ताई म्हणजे पाच वर्षांपासून प्रबंधासाठी खपणारी संशोधक मुलगी. मावशी तिला ताई म्हणायच्या, म्हणून मीही म्हणतो. तिचे वडील कारखान्यात पाळीपाळीने काम करून निवृत्त झाले होते. आठवडाभर दिवसाची पाळी, पुढे आठवडाभर रात्रीची. आता घरी बसले तरी त्यांना भूक भलत्या वेळी लागायची आणि झोप कुठल्याच वेळी यायची नाही. "बाबांच्या आत काय बिघडलंय ते मला बघायचंय," असं ती एकदा मावशींना म्हणाली होती. खोलीची दारं उजेड अडवायची, आवाज अडवायची नाहीत, म्हणून मला हे माहीत.

खोलीचे नियम कडक होते. आत पूर्ण अंधार. माणसांनी कपाळावर लाल दिवा बांधूनच यायचं. साफसफाई रोज एकाच वेळी करायची नाही, नाहीतर भुशाच्या पिशवीचा आवाज ऐकून उंदीर वेळ ओळखतील. म्हणून मावशी डब्यातून चिठ्ठी काढायच्या आणि चिठ्ठीत जी वेळ निघेल तेव्हा यायच्या. आत एक अक्षर बोलायचं नाही. बाहेरच्या वहीत तीन रकाने भरायचे: अन्न, पाणी, भुसा. मावशींनी एकदा त्या रकान्यांच्या बाहेर लिहिलं होतं, 'तिसऱ्या पिंजऱ्यातला उंदीर उदास दिसतो.' सरांनी त्यांना बोलावून घेतलं होतं.

"मावशी, ही नोंदवही आहे. कादंबरी नाही."

तेव्हापासून मावशींनी तीन रकान्यांपलीकडे पेन नेलं नाही.

आणि आत काय चाललं होतं? मित्रांनो, इथून पुढे सांगताना माझी मान खाली जाते. मी दिवा लावला की सगळी चाकं थांबायची. मी दिवा विझवला की चाकं घरघरू लागायची. एक नाही, दोन नाही, चोवीसच्या चोवीस पिंजरे. माझा उजेड मोहरीएवढा खरा, पण तो पांढऱ्या भिंतीवरून वर चढायचा आणि सगळे उंदीर नाक वर करून त्याच्याकडे बघायचे. मला वाटलं, हे मला मान देतायत. चौदा वर्षं ट्यूबलाइटच्या नावावर जमा झालेला मान शेवटी मूळ मालकाकडे आला. 'पूर्ण अंधार' हे शब्द मी रोज ऐकत होतो. त्या अंधारातून मलाही वजा करायला हवं, हे काही मला सुचलं नाही.

ताई रोज यायची, पण कपाळावर तो लाल झोत घेऊन आणि मांडणीच्या पुढच्या बाजूने. तिला मी कसा दिसणार? मावशी मात्र मांडणीखालचा सांडलेला भुसा काढायला रोज ओणव्या व्हायच्या. कधीकधी माझ्याकडे बघून मान हलवायच्या, जशी आपण शेजाऱ्याकडे बघून हलवतो.

मग एका दुपारी रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. चार तास वीज नव्हती. जनित्र होतं, ते फक्त शीतपेट्यांना आणि चाकं मोजणाऱ्या यंत्रांना. चार तास मी थांबलो, मग स्वभावानुसार पुढे चालू लागलो. माझ्या तबकडीवर सात वाजायचे तेव्हा जगात अकरा वाजलेले असायचे. मला दुरुस्त करायला कोण येणार? सर मला विसरले होते आणि ताईला मी असल्याचंच माहीत नव्हतं.

दोनतीन आठवड्यांनी मधल्या खोलीत ताई आणि सर आलेख बघत उभे होते.

"सर, वीज गेली त्या दिवसापासून सगळे उंदीर चार तास उशिरा उठतायत."

"ताण. जनित्राच्या आवाजाने घाबरले. उंदरांनाही ताण येतो."

"सगळ्यांना सारखाच? बरोबर चार तास?"

"एकाच खोलीत राहतात, एकच ताण येणार."

ताईने आलेखाचं पान उलटलं. "आणि सर, त्यांचा दिवस अगदी चोवीस तासांचा भरतोय. अंधारात उंदराचा दिवस थोडा लहान भरतो ना? रोज काही मिनिटं आधी उठायला हवेत. आपले साधे उंदीरसुद्धा मिनिटभर मागेपुढे होत नाहीत."

सर हसले. "आपल्या उंदरांवर संस्कार चांगले आहेत."

ताईही हसली. मोठ्या माणसाने विनोद केला की शंका मागे घ्यायची असते. ती तिने घेतली. शोधनिबंध लिहून झाला, छापून आला. आता मोठ्या सभागृहात, देशोदेशीच्या जाणकारांपुढे तिला भाषण करायचं होतं. त्यानंतर महिन्याभरात प्रबंध, मग पदवी. पाच वर्षांचं गाठोडं त्या एका गोष्टीवर बांधलेलं होतं.

ती गोष्ट काय, हे मला कळलं निबंध छापून आला त्या आठवड्यात. मावशींच्या चिठ्ठीत दुपारचे तीन निघाले होते. ताई मधल्या खोलीत भाषणाची तयारी करत बसली होती. खुशीत होती.

"मावशी, बसा. तुमच्यावर सराव करते. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात ना, त्याच्या जरा वर, वीस हजार पेशींचा एक पुंजका असतो. झोप कधी, भूक कधी, अंग गरम कधी, गार कधी, सगळं तो ठरवतो. आणि त्यातल्या प्रत्येक पेशीत एकेक घड्याळ असतं."

"वीस हजार घड्याळं? सगळी बरोबर?"

"छे! कोणाचा दिवस बावीस तासांचा, कोणाचा सव्वीस."

"म्हणजे आमच्या घरासारखंच. मग घर चालतं कसं?"

"बोलून. एकमेकींना रासायनिक निरोप देतात. तू जरा आवर, तू जरा थांब. असं करत सगळ्यांचा मिळून एक दिवस ठरतो."

"वीस हजारजणी बोलतात आणि काम वेळेवर होतं?" मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे दोघी बोलायला लागल्या की दूध उतू जातं."

ताई खळखळून हसली. "पण खरी गंमत पुढे आहे. आपल्या अर्ध्या उंदरांमध्ये पेशींना तो निरोप जन्मापासून ऐकूच येत नाही. प्रत्येक पेशी आपली एकटी. अंधारात त्यांचं घड्याळ विस्कटायला हवं, कधीही उठा, कधीही पळा. सगळं जग हेच सांगतं. आणि आपले उंदीर? न बोलता एका तालात! पूर्ण अंधारात!"

मावशींनी भुशाची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पूर्ण अंधार म्हणजे तो हिरवा दिवा सोडून ना?"

"कुठला हिरवा दिवा?"

खुर्ची मागे सरकली. मधल्या खोलीतल्या दिव्याचं बटण वाजलं, मग आतलं दार उघडलं. ताई आत आली आणि तिने कपाळावरचा लाल दिवा बंद केला.

मित्रांनो, तिची नजर अंधाराला सरावायला दहा मिनिटं लागली. ती दहा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपण बिघडावं. दिवा फुटावा, मोटर जळावी, काहीही. पण मी गुणाचा होतो. मी लागलेलाच राहिलो.

ती मांडणीला वळसा घालून मागे आली. भिंतीवर वर चढलेला तो मंद हिरवा उजेड तिने पाहिला आणि गुडघ्यांवर बसली. तिचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. माझ्याच उजेडात मला तो दिसत होता, याहून मोठी शिक्षा काय असते? तिने माझी तबकडी वाचली. अकरा वाजून वीस मिनिटं. मग मनगटावरचं घड्याळ माझ्या दिव्यासमोर धरलं. तीन वाजून वीस मिनिटं.

"चार तास," ती पुटपुटली. खोलीत बोलायचं नाही, हा नियम तिने पहिल्यांदा मोडला.

तेव्हा माझ्याही डोक्यात उजेड पडला. त्या बिचाऱ्या पेशींना एकमेकींचे निरोप येत नव्हते, पण डोळ्यांकडून माझी बातमी मात्र प्रत्येकीला न चुकता पोचत होती. घरात बोलणं बंद झालेली माणसंही दारावरची बेल वाजली की एकदम उठतात. त्याला कोणी एकोपा म्हणत नाही. मी ती बेल होतो. आठ महिने रोज वाजत होतो आणि ती मुलगी त्याला शोध समजत होती.

तिने मला भिंतीतून उपटलं. चौदा आणि सहा, अशा वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी मला काढायला वाकलं होतं.

मधल्या खोलीत मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझ्याकडे त्या बघेनात.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"दिवा माहीत होता. तो नको, हे नव्हतं माहीत. मला वाटलं तुम्हीच ठेवलाय. इथे सगळं मुद्दामच असतं ना?"

"एकदा म्हणायचं तरी होतं मला..."

"आत बोलायचं नाही. आणि वहीत कुठे लिहू, ताई? पाण्यात लिहू का भुशात?"

ताईने वही उघडून त्या तीन रकान्यांवरून बोट फिरवलं. मग खाली बसली आणि रडली. मावशी तिच्याशेजारी बसल्या. "माझंच चुकलं गं," असं त्या म्हणाल्या. ताई म्हणाली, "नाही, माझं. मी कधी विचारलंच नाही." दोघींच्या मधे टेबलावर मी पडलो होतो. खरा चुकलेला मी, पण मला वाचा नाही. वाचा असती तरी उपयोग काय? त्या तळघरात वाचा असलेले तिघे होते.

सर आले. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं.

"एवढ्याशा दिव्याने काय होतंय?"

"तेच बघायचंय, सर. तीन आठवडे. खऱ्या अंधारात."

"निबंध छापून आलाय. भाषण पुढच्या महिन्यात आहे."

"म्हणूनच."

ते तीन आठवडे मी टेबलावर पडून चाकांचे आवाज ऐकले. साधे उंदीर रोज थोडे थोडे आधी उठू लागले, शहाण्यासारखे. पण ज्यांच्या पेशींना निरोप येत नव्हता त्यांची चाकं कधीही वाजायची. सकाळी चार फेरे, दुपारी दहा, मग थांबून पुन्हा तीन. जागे धड नाहीत, झोपलेले धड नाहीत. ताई ते ऐकत उभी राहायची आणि मला माहीत होतं ती कोणाचा विचार करतेय. एकदा ती फोनवर म्हणाली, "बाबा, आज झोप लागली का?" पलीकडून उत्तर लांबलचक आलं. ती फक्त "हं, हं" करत राहिली.

पेशींना वेळ पाळायला एकमेकींशी बोलावंच लागतं. सगळ्यांना आधीपासून माहीत असलेली ही गोष्ट ताईने पाच वर्षं घालवून पुन्हा सिद्ध केली.

निबंध मागे घेण्याचं पत्र तिने लिहिलं. त्यावर सरांची सही लागणार होती. दोन दिवस पत्र त्यांच्या टेबलावर पडून होतं. तिसऱ्या दिवशी ते एकटेच मधल्या खोलीत आले. मला उचललं, तबकडी बोटाने किंचित हलवली, पुन्हा अकरा वीसवर आणून ठेवली.

"संस्कार," ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. मग बाहेर जाऊन त्यांनी विचारलं, "सही कुठे करायची?"

भाषण ताईने केलं, रद्द नाही केलं. परत आल्यावर ती मावशींना सांगत होती, "मी तुमचा टायमर दाखवला पडद्यावर. चार तासांची उडीही दाखवली. लोक आधी हसले."

"मग?"

"मग एकेकजण येऊन हळूच म्हणाला, आमच्याही खोलीत जरा बघायला हवं."

पदवी लांबली, वर्षभर तरी. शिष्यवृत्ती संपली, म्हणून ती सकाळी एका शाळेत शिकवते आणि दुपारी इथे येते. माझ्यामुळे. हे मी कुठल्याही शब्दांत सांगितलं तरी तेवढंच राहतं.

वहीत आता चौथा रकाना आहे. त्याला नाव नाही, नुसता रुंद, मोकळा रकाना. पहिल्या दिवशी मावशी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. मग त्यांनी लिहिलं, 'तिसऱ्या पिंजऱ्यातला उंदीर अजून उदास दिसतो.' ताईने वाचलं, आत गेली आणि वाकली. चाकाच्या आसात भुसा अडकला होता. बिचाऱ्याला चाक ओढवत नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू निरोप घेताना सहसा विनवतात, आम्हाला फेकू नका, अडगळीत टाकू नका, आमची आठवण ठेवा. माझी विनंती उलटी आहे. आमच्यासारख्यांचं काम संपलं की कृपा करून आम्हाला भिंतीतून काढा. आम्हाला थांबता येत नाही. आम्ही इमानाने चुकत राहतो. आणि आम्ही कुठे आहोत हे कळत नसेल, तर जो रोज वाकून केर काढतो त्याला विचारा.

ताईने मला टाकलं नाही. वहीवर वजन म्हणून ठेवलंय. दिवा विझलेला आहे. माझ्या तबकडीवर अजून अकरा वाजून वीस मिनिटं झालेली आहेत. ते चूक आहे, हे आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एवढं एक काम आता माझ्याकडे उरलंय, आणि ते मी चोख करतो.